दहाव्याला नेलेलं पिल्लू

चुलत्याच्या दहाव्याला मी कुत्र्याचं पिल्लू घेऊन गेलो होतो. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली आणि आताही लिहिताना कानशिलं गरम झाली आहेत. तेवीस वर्षांचा घोडा, अग्नी मीच दिलेला, डोकं तुळतुळीत आणि पिशवीत महिन्या-सव्वा महिन्याचं पिल्लू. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याची अक्कल काढली असती.

बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव कृष्णेकाठी, पलूसच्या बाजूला. मी सांगलीत एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करायचो आणि तिथंच मागच्या खोलीत राहायचो. गावाकडच्या घरात आईवडील, धाकटा चुलता, चुलती आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. पलटणीतून हवालदार होऊन ते परत आले होते, पण पलटण काही त्यांच्यातून गेली नव्हती. चुलता त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. शेत चुलता बघायचा आणि घर आबा चालवायचे, म्हणजे कष्ट एकाचे आणि हुकूम दुसऱ्याचा. चुलत्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. तो संध्याकाळी मुलीला खांद्यावर घेऊन नदीला जायचा, आणि गावातली माणसं त्याला हसायची, कारण आमच्याकडे बापाने पोरीला असं उघड उघड खांद्यावर मिरवायची पद्धत नव्हती.

तो वैशाखात गेला. उसाला पाणी द्यायला विहिरीवर गेला, ओल्या हाताने मोटारीचा खटका दाबला आणि तिथंच चिकटला. मला सांगलीला निरोप आला तो दुपारी. मी पोचलो तेव्हा सगळी तयारी झाली होती आणि फक्त माझी वाट बघत होते. चुलत्याला मुलगा नव्हता. थोरल्या भावाने धाकट्याला अग्नी द्यायचा नसतो म्हणून पुतण्याला पुढे केलं. माझं डोकं भादरलं, हातात मडकं दिलं आणि मी चालायला लागलो. चुलत्याचा मला लळा होता. मला रडायचं होतं, पण कर्त्याने काय कधी करायचं हे सांगायला इतकी माणसं भोवती होती की रडायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी माती सावडून घरी आलो. मी आत कपडे बदलत होतो आणि बाहेर सोप्यात आबा भावकीतल्या आजोबांशी बोलत होते. हे आजोबा भावकीत सगळ्यात थोरले. आबांना अरेतुरे करणारा गावात तेवढाच एक माणूस उरला होता.

"तेरावं झालं की धाकलीला म्हायेरी धाडतो," आबा म्हणाले.

"का रं? जड झाली का ती?"

"घरात बिनलग्नाचं पोरगं हाय. तरणीताठी बाई, नवरा न्हाई. उद्या लोकं काय बोलतील? आन् माझ्या पोराला पोरगी कोन दील?"

"आरं, पर तिच्या म्हायेरी हाय काय? भावाचीच पोटाला मारामार."

"त्ये त्यांचं त्यांनी बगावं."

बिनलग्नाचं पोरगं म्हणजे मी. हातात धोतर धरून मी तसाच उभा राहिलो. खरं कारण शेत होतं हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. चुलती घरात राहिली तर आज ना उद्या तिच्या हिश्शाची गोष्ट निघाली असती, माहेरी गेली की विषय मिटला. पण शेताचं नाव घेण्यापेक्षा माझं नाव घेणं आबांना सोपं गेलं. मी बाहेर जाऊन म्हणायला हवं होतं, "आबा, मी सांगलीत राहतो, माझं नाव कशाला मधे आणता?" मी धोतर नेसलो आणि मागच्या दाराने परड्यात गेलो.

चुलतीनेही ते ऐकलं होतं. चुलीपाशी बसली होती, आणि मधे एक कुडाची भिंत तेवढी. ती शिराळ्याकडच्या डोंगरातली, वय सव्वीस. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, पण मी तिला काकीच म्हणायचो आणि तीही मला धाकट्या दिरासारखं नव्हे, पुतण्यासारखंच दटावायची. त्या दिवशी माझ्यादेखत तिने आईचे पाय धरले. "आक्का, मी गोठ्यात निजंन, पडंल ती कामं करंन, पर मला हितंच ऱ्हाऊ द्या. भावाच्या दारात पोरीचे हाल हुत्याल," असं म्हणाली. आईने पाय सोडवून घेतले. "माझ्या हातात काय हाय बाई? त्यांना सांग," एवढंच आई बोलली. आबांना सांगायची काकीची छाती नव्हती. तशी ती कुणाचीच नव्हती.

मुलीचं तर काही कळेनासंच झालं होतं. बापाला नेलं तेव्हा ती रडली नाही. त्यानंतर बोलायची बंद झाली. खायला दिलं तर खायची, उठ म्हटलं की उठायची आणि पुन्हा गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. बायका म्हणायच्या, पोरीनं दसका घेतलाय.

चौथ्या दिवशी मला छापखान्याच्या मालकाचा निरोप आला. लग्नसराई ऐन भरात होती, हात कमी पडत होते. सुतक असताना जाऊ नये, पण नोकरी टिकवायची होती आणि खरं सांगायचं तर त्या घरातून मला पळायचंच होतं. मालकाने माझं डोकं बघितलं आणि लग्नपत्रिकांच्या खिळ्यांना मला हात लावू दिला नाही. अशुभ म्हणून. मला कोपऱ्यात बसवून परीक्षेचे पेपर जुळवायला दिले. त्याच कोपऱ्यात रद्दी कागदांच्या ढिगाखाली एक कुत्री व्याली होती. पाच पिल्लं होती, त्यातली तीन कामगारांनी वाटून घेतली होती. उरलेल्यांतलं एक तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा असलेलं, माझ्या पायाच्या बोटाला चाटत बसायचं. दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हा मुलीने मला सांगितलं होतं, "दादा, मला एक कुत्रं आन की." मी हो म्हणून विसरलो होतो. आता पाच दिवस ते पिल्लू बघून माझ्या डोक्यात एकच घोळायला लागलं, हे नेलं तर पोरगी बोलेल.

नवव्या दिवशी मी एस.टी.त बसलो. पिशवीत खाली कागद, वर पिल्लू, त्यावर टॉवेल. तासगाव सोडलं तसं ते कुंईकुंई करायला लागलं. कंडक्टरने माझ्या डोक्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि तिकीट फाडून दिलं. सुतकातल्या माणसाशी कोण हुज्जत घालणार?

घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी सरळ गोठ्याकडे गेलो. मुलगी उंबऱ्यावर होती. मी पिल्लू तिच्या पुढ्यात सोडलं आणि म्हणालो, "घे, तुझं हाय. तुझ्या एकटीचं." तिने माझ्याकडे बघितलं, मग पिल्लाकडे. बोलली काही नाही. पण तिने हात पुढे केला आणि पिल्लाने तो चाटला, आणि मग तिने त्याला परकराच्या ओच्यात घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. काय मोठा पराक्रम केल्यासारखं मला वाटलं होतं!

आई पाण्याची घागर घेऊन आली आणि तिथंच थबकली.

"ह्ये काय आनलंस? उद्या दहावं आन् आज घरात कुत्रं?"

"पोरीसाठी आणलंय."

आईने पाहुण्या बायकांकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "पोरीसाठी का पोरीच्या आईसाठी? लोकास्नी डोळं हायेत, ध्यानात ठेव."

तिथं काकी उभी होती. ती आत निघून गेली. पण थोड्या वेळाने पितळीत दहीभात कालवून घेऊन आली. पिल्लाला अजून नीट खाता येत नव्हतं, तर तिने बोटाने भाताचे लहान लहान गोळे करून त्याला भरवले. मुलगी शेजारी बसून बघत होती. सगळ्या घरात त्या दिवशी काकीच्या तोंडावर तेवढीच एक बरी छटा मी पाहिली, आणि आबांनीही ती सोप्यातून पाहिली.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे नदीवर गेलो. वैशाखातली कृष्णा, पाणी पार मधोमध सरकलेलं आणि अलीकडे नुसती वाळू. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. काकी बायकांत पुढे होती. काकीचा भाऊ शिराळ्याहून आला होता, तो लांब दगडावर बसला होता. मुलगी आईच्या पदराला होती आणि तिच्या ओच्यात काहीतरी हलत होतं. मी अंघोळ करून ओल्या पंच्याने वर येत होतो, तेव्हा तिची आणि माझी नजरानजर झाली. तिने ओचा जरा घट्ट धरला. मी कुणाला काही सांगितलं नाही. उलट मान हलवली, असू दे म्हणून. कर्ता होतो मी, त्या दिवशी तिथं माझ्या शब्दाला किंमत होती, आणि ती मी अशी वापरली.

भटजींनी विधी सांगितले तसे मी केले. भाताचा पिंड, वर दही आणि तीळ, वाळू सारखी करून त्यावर दर्भ आणि दर्भावर पिंड. शेजारी चुलत्याच्या आवडीच्या वस्तू मांडल्या. चहाची कपबशी, कांदाभजी, तंबाखूची पुडी. मग आम्ही सगळे मागे सरकलो आणि कावळ्याची वाट बघायला लागलो.

पलीकडच्या करंजावर सात-आठ कावळे होते. एकही खाली येईना. आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो, तो कशात हे ओळखायचं, पुढे होऊन हात जोडायचे आणि त्याला मोठ्याने शब्द द्यायचा. शब्द पटला की कावळा शिवतो. एकजण पुढे झाला आणि म्हणाला, "बैलांची काळजी करू नगंस." दुसरा म्हणाला, "हिरीवरचं काम पुरं करतो." आई म्हणाली, "पोरीचं लगीन आमी करून दिऊ." कावळे मान वाकडी करून बघत होते. ऊन चढलं. वाळू तापली. बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागल्या.

कावळा कशासाठी अडला होता हे सगळ्यांना कळत होतं, आणि कुणी काकीकडे बघत नव्हतं. ती मात्र पिंडाकडेच बघत होती. तिच्या दृष्टीने त्या सगळ्या गावात तिच्या बाजूने एकच माणूस उरला होता, आणि तो त्या करंजावर बसला होता.

तासभर झाल्यावर भावकीतले आजोबा काठी टेकत आबांजवळ गेले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती.

"आरं, कशाला सगळ्यास्नी उनात वाळत घालतोस? त्येचा जीव बायकू-पोरीत हाय. बोल की."

आबा हलले नाहीत.

"तुझ्या धाकल्या भावाचा पिंड हाय त्यो. का त्याला असाच लटकत ठेवनार?"

सगळी भावकी आबांकडे बघायला लागली. पलटणीत राहिलेल्या माणसाला चारचौघांत कमीपणा आवडत नाही. ते पुढे झाले, हात जोडले, आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या बायकूला आन् पोरीला ह्या घरातनं कुनी हलवनार न्हाई. माझा शबूद हाय."

काकीने तोंडात पदर कोंबला. आणि खरोखर, करंजावरचा एक कावळा उडाला आणि वाळूवर उतरला. पिंडापासून चार हातांवर. एक उडी मारली, थांबला. दुसरी उडी मारली. तिथली साठ-सत्तर माणसं माना पुढे काढून बघत होती. मला आठवतं, मी मनातल्या मनात म्हणत होतो, शिव, शिव, एकदाचा शिव.

पोरीच्या ओच्यातून पिल्लू निसटलं. कालच्या त्या घासांनंतर त्याच्या पोटात काही नव्हतं, आणि दहीभाताचा वास त्याला आदल्याच दिवशी कळला होता. ते तुरुतुरु धावत गेलं. कावळा उडाला. पिल्लाने पिंडात तोंड घातलं आणि शेपूट हलवत खायला लागलं. नाकाला दही, दह्यावर तीळ.

आणि मुलगी हसली. दहा दिवस जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता ती खळखळून हसली. टाळ्या वाजवून हसली. त्या वाळूवर तेवढा एकच आवाज होता. काकीने वळून तिच्या थोबाडीत मारली. हात उगारताना काकीचा चेहरा मी बघितला आहे. त्याचं वर्णन करायची माझी इच्छा नाही.

आबांनी आजोबांच्या हातातली काठी हिसकली आणि पिल्लाच्या पाठीत घातली. एकदाच. ते ओरडलं आणि मागचे पाय ओढत खडकांकडे सरकत गेलं.

भटजी मऊ माणूस होता. "असू द्या, असू द्या," तो म्हणाला. "कुत्र्यालाही बळी काढतोच की आपण. त्याचाही भाग असतो. दोष काही नाही. दुसरा पिंड करू आणि पुन्हा ठेवू." त्याने ताबडतोब भात घेतला, मी दुसरा पिंड वळला, ठेवला.  पुन्हा मागे सरलो. आजोबा आबांना म्हणाले, "बोल परत."

आबा म्हणाले, "एकदा बोललो. त्येनं घेतला न्हाई. घ्यायचा असता तर कावळा शिवला असता. कुत्र्याच्या तोंडात घातला त्येनं माझा शबूद. आता मी मोकळा."

किती शांतपणे बोलले! त्या क्षणी मला कळलं की आबांना राग आलेलाच नव्हता. त्यांची सुटका झाली होती, आणि ती मी सांगलीहून पिशवीत घालून आणली होती.

आजोबा माझ्याकडे वळले. "तू कर्ता हायेस. अग्नी तू दिलास. तू बोल. बापापरास तुझा शबूद पोचंल त्याला."

मी पुढे गेलो. हात जोडले. काकी माझ्याकडे बघत होती, सरळ, पदर न घेता. तिला काय हवं होतं ते पाच शब्दांचं वाक्य होतं. मी ते बोललो असतो तर आबांना भावकीदेखत माझा शब्द मोडता आला नसता. त्या घरात ती राहिली असती. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघालं की आई आदल्या दिवशी जे बोलली तेच तिथल्या साठजणांच्या मनात येणार होतं, आणि माझ्या पाठीवर आबांची नजर मला कळत होती. मी म्हणालो, "काका, काळजी करू नका."

कशाची काळजी, ते बोललो नाही. आजोबा वाट बघत राहिले. मी हात सोडले आणि मागे आलो.

कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिवला, आणि सगळे जेवायला घरी गेले.

मी मागे राहिलो. पिल्लू खडकांच्या सावलीत पडलं होतं. पाठ मोडली होती. त्याच्या नाकाला अजून तीळ चिकटले होते. मी त्याला पाणी पाजायला बघितलं, ते त्याने घेतलं नाही. दुपारी कधीतरी ते गेलं. मी वाळूत हाताने खड्डा केला आणि पुरलं, आणि तिथं मात्र मी रडलो. दहा दिवसांचं सगळं रडलो.  घरी आल्यावर मीच आपण होऊन मुलीला सांगितलं की ते उसात पळून गेलं. ती पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली होती.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी काकीचा भाऊ तिला आणि मुलीला घेऊन निघाला. एक पत्र्याची पेटी आणि एक बोचकं. ती सगळ्यांच्या पाया पडली, आबांच्याही. मी फाट्यापर्यंत पेटी उचलून नेली.  एस.टी. येताना दिसली तेव्हा काकी म्हणाली, "तू कुत्रं आनलंस त्याचा मला राग न्हाई रं. पोरीच्या मायेनं आनलंस. पर तुला एवडंसं बोलाय काय झालं हुतं?"

मी पेटी टपावर चढवली. ती मुलीचा हात धरून आत चढली.

श्रावणात मी शिराळ्याला गेलो. नागपंचमीला सगळा मुलूख तिकडे लोटतो, त्या गर्दीत कुठं चाललास म्हणून कुणी विचारत नाही, म्हणून तो मुहूर्त धरला. माझं सगळं शौर्य हे असलं. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, लोक परतत असताना, मी उलटा डोंगराकडे चालत काकीच्या भावाच्या वाडीवर पोचलो. छपराचं घर, पाऊस भुरभुरत होता. काकी दुसऱ्याच्या रानात भांगलणीला, तण काढायला गेली होती. घरात मुलगी एकटी. आढ्याला बांधलेल्या झोळीत मामाचं तान्हं मूल होतं आणि ही दोरी ओढत बसली होती. वाळली होती. केसांना तेल नव्हतं.

छापखान्यात कापून उरलेल्या कागदांची मी एक जाड वही शिवून नेली होती. ती तिला दिली.

"शाळेत जातीस का?"

"न्हाई. बाळाला कोन बघंल?"

बोलायला लागली होती, एवढं तरी बरं, असं मला वाटलं. तिने वही मांडीवर घेतली, उघडली नाही. दोरी ओढत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, मी हासले म्हनून आमाला घालवलं नव्हं?"

"कोण म्हणतं असं?"

"मामी म्हनती. आय काय बोलत न्हाई. मी हासले म्हनून बाबा रागावलं आन् कावळा गेला."

समोर सहा वर्षांची पोर होती. तिथं आबा नव्हते, भावकी नव्हती, बायका नव्हत्या. ऐकायला झोळीतलं एक तान्हं मूल. खरं सांगायला यापेक्षा सोपी जागा मला जन्मात मिळणार नव्हती. तुझ्या मोठ्या काकांना तुमचं शेत हवं होतं, आणि तुझ्या दादाने बोलायच्या वेळी दातखीळ बसवून घेतली, एवढंच सांगायचं होतं. ते माझ्या ओठापर्यंत आलं. आणि मी म्हणालो, "न्हाई गं. तू हसलीस म्हणून नाही. त्या कुत्र्यानं पिंड खाल्ला म्हणून."

 झोळी थांबली होती, ती तिने पुन्हा हलवली.

"पर कुत्रं माझंच हुतं की," ती म्हणाली. "तूच म्हनला हुतास, माझ्या एकटीचं म्हनून."